सव्वीस नंबरचा मान

हिरामण तारवाल्याचे कान हे भिसेगावातलं बडं प्रस्थ होतं. अठ्ठावीस वर्षं तो कर्जत स्टेशनापासून घाटाच्या तोंडापर्यंत रेल्वेच्या तारेचे खांब सांभाळत आला होता. खांबाला कान लावून कुठल्या बाजूची तार सैल पडलीय ते तो सांगे, आणि ते खरं निघे. एवढ्यावर गडी थांबला असता तर बरं होतं. पण तो चारचौघांत बसून म्हणे, "मला पलीकडच्या आळीतलं कुजबुजणंबी ऐकू येतं." आणि कोणी हसलाच, तर त्या हसणाऱ्याला काल त्याच्या बायकोनं काय काय ऐकवलं ते शब्द न् शब्द म्हणून दाखवी. मग त्या माणसाला अचानक घरचं काम आठवे.

तर माथेरानला अजून आगगाडी जात नव्हती त्या काळातली ही गोष्ट. फाल्गुनात त्याच्या धाकट्या बहिणीकडे खालापुराहून एक निरोप आला. ही बहीण इंदूबाई. पाच वर्षांमागं नवरा गेला, मागं एकुलती मुलगी, सुंदरा. सुंदराचं लग्न खालापूरच्या कोंडाजीच्या धाकट्या मुलाशी, सहदेवाशी, ठरलं होतं. मुलगा नाकीडोळी नीटस, कामाला वाघ. कोंडाजी तर इतका गरीब स्वभावाचा की सुपारीसुद्धा बायकोला विचारून फोडायचा. घर चालवायची ती त्याची बायको, अंबाबाई. आणि निरोप तिचाच होता: जानवशात, वऱ्हाड उतरेल तिथं, तारेची घंटा पाहिजे.

झालं होतं असं. आदल्या वर्षी अंबाबाईच्या जावेच्या मुलाचं लग्न नेरळला झालं. तिथं वऱ्हाड कुठल्याशा ठेकेदाराच्या बंगल्यात उतरलं होतं. भिंतीला एक कळ. ती दाबली की तिकडं नवरीच्या घरी घंटा वाजे आणि नवरीकडचा माणूस धापा टाकत हजर होई. पाणी हवं, कळ दाबा. विडा हवा, कळ दाबा. जावेनं ही कहाणी वर्षभरात अंबाबाईला इतक्यांदा ऐकवली की तिची जेवणावरची वासना उडाली.

"दादा, कसली रं ही घंटा? आपल्याच्यानं व्हईल का?" इंदूबाईनं विचारलं. तिचा चेहरा उतरला होता, आणि तो उगाच उतरला नव्हता. अंबाबाईच्या थोरल्या मुलाच्या लग्नात पंगतीला तिच्यापुढं आलेलं केळीचं पान कडेला फाटकं निघालं होतं. बाई दीड दिवस रुसून बसली. ते लग्न कसंबसं लागलं, पण थोरली सून धोंडी आज सात वर्षं जेवायला बसली की सासू म्हणते, "पान फाटकं नाय ना गं? तुमच्याकडं चालतं म्हनून इचारते." हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. इंदूबाईला तर ते पाठ होतं.

"हात्तिच्या," हिरामण म्हणाला. "त्यात काय हाय? मी काय मेलोय का?"

आणि तो खरोखरच कामाला लागला. कुंभारणीकडून कच्च्या भाजणीची, पाणी झिरपणारी तीन मडकी आणली. बाहेरच्या बरणीत मोरचुदाचं पाणी आणि तांब्याचा पत्रा, आतल्या मडक्यात मिठाचं पाणी आणि जस्ताची कांडी. स्टेशनातल्या तारेचा जोर अशाच बरण्यांतून निघायचा, त्याला त्या रोज भराव्या लागत. एका जुन्या लोखंडी खिळ्यावर तार गुंडाळून त्यानं लोहचुंबक केलं, त्याच्यापुढं हातोडी बसवली, आणि घंटेच्या जागी इंदूबाईची पितळी वाटी उपडी टांगली. राहिली तार. ती त्याच्याकडं होतीच. रेल्वेनं मोडीत काढलेलं आठ नंबरच्या लोखंडी तारेचं भेंडोळं परसात पडून होतं. करंगळीएवढी नाही, पण चांगली सुतळीएवढी जाड. इंदूबाईच्या घरापासून जानवशाची जागा, म्हणजे आबाजी वाण्याची भाताची वखार, अडीचशे हात होती. तेवढ्या लांब आठ नंबरची तार जोर न घालवता पोचणार, याबद्दल त्याला तिळभर शंका नव्हती. वखारीतून कळ दाबली तेव्हा वाटी अशी खणखणली की अंगणातली कोंबडी ओट्यावर चढली.

लग्नाची यादी करायला, देणंघेणं ठरवायला अंबाबाई, कोंडाजी आणि त्यांच्या भावकीतले चौघे आले तेव्हा हिरामणानं ही करामत मोठ्या मिजाशीत करून दाखवली. अंबाबाई खूश झाली. वाटी दोनदा वाजवून घेतली. मग तारेकडं बोट करून म्हणाली, "ही कितीची?"

"आठ नंबर, विहीणबाई. रेल्वेची. जुनी हाय, पन अस्सल."

अंबाबाईचं बोट तिथंच राहिलं. "नेरळात सोळाची व्हती."

"असंल की. तिथं अंतर कमी असंल."

"सोळाच्या निम्मे आठ," अंबाबाई कोंडाजीकडं वळून म्हणाली. "जावेला सोळा आनि आमाला निम्मं. आमी काय आठाची मानसं हाय?"

आता इथं हिरामणाला हसू येत होतं, पण त्यानं ते मिशीत दाबलं आणि समजावायला बसला. "तसं नसतं, विहीणबाई. तारेचा नंबर उलटा चालतो. सोनाराची जंत्री पायलीय ना? पोलादी पट्टी, तिला एकापेक्षा एक लहान भोकं. जाड तार पयल्या भोकातनं वढायची, मग दुसऱ्यातनं, मग तिसऱ्यातनं. जितक्या भोकांतनं काढली तितका तिचा नंबर. नंबर वाढला म्हंजे तार बारीक झाली."

"म्हंजे सोळाची तार सोळा भोकांतनं काढलेली?"

"तेच सांगतोय मी."

"आनि ही आठातच सोडून दिलेली." अंबाबाईनं पदर सावरला. "मग मेहनत कोनत्या तारेला जास्त लागली? तुमीच सांगा."

हिरामण उत्तर जुळवतोय तोवर भावकीतले चौघे माना डोलावू लागले. बाईचं म्हणणं त्यांना पटलं होतं.

त्यानं दुसऱ्या अंगानं धरून पाहिलं. "पाटानं पानी सोडलं तर शेत भिजतं. तेच पपईच्या देठातनं सोडलं तर कितीक जाईल?"

"आमाला पानी नको. घंटा पायजे."

तिसऱ्यांदा त्यानं साधंच सांगितलं: लांब जायचं तर तार जाड हवी, बारीक तारेत जोर वाटेतच मरतो, घंटा वाजणार नाही. अंबाबाईनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, भाचीच्या लग्नात कसर करायची तर करा, पन आमाला शिकवू नका. नेरळात सोळा. त्यावर दहा. सव्वीस नंबर पायजे. कळ बी आमी दाबू, मान बी आमचाच."

"तुमचा मान, विहीणबाई," हिरामण म्हणाला. इतक्या गोड आवाजात तो आयुष्यात कोणाशी बोलला नव्हता. दाराआड बांगड्या किणकिणल्या. सुंदरा तोंडात पदर कोंबून हसत होती, आणि ते फक्त त्यालाच ऐकू आलं.

पाहुणे गेल्यावर इंदूबाई म्हणाली, "दादा, तुझ्या मनात काय हाय ते मला कळतंय."

"माझ्या मनात काय असनार? तीनदा सांगितलं, चार मानसं साक्षीला व्हती. सव्वीसची मागितली, सव्वीसची बांधीन. वाजली नाय तर भर मांडवात दोन्ही तारांचे तुकडे तिच्या हातावर ठेवीन आनि म्हनेन, विहीणबाई, तुमचा मान लई बारीक निघाला."

"आनि मग? तू हसशील, गाव हसंल, आनि तू ठेसनावर जाशील. पोर माझी खालापूरला जाईल." इंदूबाईचा आवाज चढला नाही. "फाटक्या पानाची सात वर्षं झाली. या तारेची किती करतील?"

हिरामणाला शब्द न् शब्द ऐकू आला. पण त्यानं ऐकलं नाही. गंमत त्याच्या अंगात भिनली होती. खांबावर चढताना, उतरताना, चिमटा दातांत धरून तो ते वाक्य घोळवायचा. "मान लई बारीक निघाला." कधी "लई" वर जोर, कधी "बारीक" वर. अखेर "बारीक"वर जोर नक्की झाला.

गाडीच्या गार्डाकरवी मुंबईहून सव्वीस नंबरची तार आली. तांबडं रेशीम गुंडाळलेली, केसासारखी, दिसायला फार देखणी. हिरामणानं ती घरापासून वखारीपर्यंत अगदी हौसेनं लावली. जाड लोखंडी तार वाया कशाला घालवायची म्हणून इंदूबाईनं ती त्याच वाटेच्या दोन्ही अंगांनी बांबूंवर ताणून घेतली आणि तिच्यावर आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण चढवलं. वैशाखात वऱ्हाड आलं, तेव्हा अंबाबाईनं तोरणाकडं पाहिलंसुद्धा नाही. तांबड्या रेशमावरून मात्र तिनं दोनदा हात फिरवला.

आणि वखारीत पाऊल टाकताच तिनं सगळ्या वऱ्हाडाला बजावलं, "काय लागलं तर कळ दाबायची. कोनी पायानं जायाचं नाय. नेरळात कोनी गेलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, हळद लागल्यावर, अंबाबाईला न्हायला ऊन पाणी हवं झालं. तिनं कळ दाबली.

इकडं ओट्यावर हिरामण मडक्यांपाशी पाय पसरून बसला होता. वाटीपुढची हातोडी जराशी थरथरली आणि गप्प झाली. परत थरथरली, परत गप्प. अडीचशे हातांवरून त्या कळीची टकटक मात्र त्याच्या कानांना येत होती. टक. टक टक. टकटकटक. तो मोजत होता. चाळीस झाल्या तेव्हा त्याला इतकं सुख वाटलं की त्यानं तंबाखूची चंची सोडली.

घरात तर कोणी बोलावीत नाही म्हणून उसंतच उसंत. इंदूबाई आठ दिवसांत पहिल्यांदा खाली टेकून ऊन भाकरी खात होती. "दादा, घंटा वाजली का रं?" तिनं मधेच विचारलं.

"नाय बा," हिरामण म्हणाला. ते खोटं नव्हतं.

तासाभरानं अंबाबाई स्वतः आली. डोक्याला तेल थापलेलं, केस मोकळे, मागं सहा बाया आणि त्यांच्यामागं कोंडाजीसह सगळं वऱ्हाड. वऱ्हाड चाललं म्हटल्यावर गावही मागून आलं. अंगण भरलं.

"कवाधरनं कळ दाबतेय मी," अंबाबाई म्हणाली. "बोट सुजलं. पान्याचा थेंब नाय, मानूस नाय. असंच करायचं व्हतं तर सोयरीक कशाला जोडली? गाड्या जुपा. वऱ्हाड माघारी जातंय."

हिरामण उठला. मुठीत दोन्ही तारांचे तुकडे तयार होते, वाक्य जिभेवर होतं. त्यानं एकदा अंगणावरून नजर फिरवली, पुरेशी माणसं आहेत ना ते पाहायला. ती नजर इंदूबाईवर अडली. तिनं उरलेली अर्धी भाकरी पाठीमागं लपवली होती. आपल्या घरात, आपल्याच लेकीच्या लग्नात, भाकरी खाल्ली म्हणून चोरी केल्यासारखी उभी होती. हिरामणाला ते मुळीच आवडलं नाही. पण तोंड उघडून झालं होतं.

"विहीणबाई, तुमचा मान..."

पुढचं वाक्य जिभेवरच राहिलं, कारण कोणीतरी त्याच्या मुठीतले तुकडे काढून घेतले. सुंदरा होती. हळदीनं पिवळीधमक, डोक्यावरून पदर. ती सरळ अंबाबाईपुढं गेली, तिच्या तळहातावर दोन्ही तुकडे ठेवले आणि तिची मूठ आपल्या हातांनी मिटली. मग पाया पडल्यासारखी वाकून इतक्या हळू बोलली की ते अंबाबाईखेरीज फक्त एकाच माणसाला ऐकू गेलं.

"आत्याबाई, मूठ उघडू नका. नुसती बोटं फिरवा. जाड लागतेय ती आठाची. केसासारखी हाय ती सव्वीसची."

अंबाबाईची बोटं मुठीतल्या मुठीत हलली. एकदा, परत एकदा. जंत्री, भोकं, पाट, पपईचा देठ, सगळं तिला त्या मुठीत एकदम सापडलं असावं. तिच्या कपाळावरचं तेल कानशिलापर्यंत ओघळलं. समोर सगळं गाव उभं होतं आणि मागं तिची जाऊ.

सुंदरा सरळ झाली आणि मामाकडं वळून मोठ्यानं म्हणाली, "मामा, केवढा घोटाळा केलात हा. आत्याबाई आठ म्हनाल्या व्हत्या. तुमी सव्वीस ऐकलंत. आई, मी कवापासनं सांगतेय ना तुला, मामांना आताशा ऐकू येत नाय."

अंगणभर कान टवकारले. ज्याच्या ज्याच्या घरातलं बोलणं हिरामणानं चावडीवर म्हणून दाखवलं होतं, तो तो टाचा उंचावून पाहू लागला. अठ्ठावीस वर्षांचे कान. हिरामणाच्या अंगाचा तिळपापड झाला. सांगावं का सगळं? चार साक्षीदार समोर होते. त्यानं भाचीकडं पाहिलं. नजर धीट होती, पण खालचा ओठ थरथरत होता, मघाच्या त्या हातोडीसारखा. पोर हसत नव्हती. पोर सासरी जायची तयारी करत होती, आणि ती तयारी त्याच्या कानांवर उभी होती.

हिरामणानं उजवा हात कानामागं धरला. "काय म्हनालीस गं, पोरी? जरा मोठ्यानं बोल."

गाव असं हसलं की बांबूंवरची तोरणं हलली. तुंबलेलं हसू होतं ते, वर्षानुवर्षांचं.

"आठच म्हनाले व्हते मी," अंबाबाई म्हणाली. आवाज थोडा घोगरा होता. "इचारा यांना."

कोंडाजीनं एकदा बायकोच्या मिटलेल्या मुठीकडं पाहिलं, एकदा सुनेकडं. "आठच," तो म्हणाला. "मी व्हतो ना." भावकीतले चौघेही आठच म्हणाले. त्यातल्या एकानं तर बाईनं ते दोनदा सांगितल्याचंही आठवून सांगितलं.

मग काय, तोरणाच्या तारेची टोकं मडक्यांना जोडायला कितीसा वेळ लागणार? हिरामणानं सांधे खरवडले, वखारीतली कळ जोडून दिली, आणि अंबाबाईनं ती स्वतः दाबली. वाटी खणखणली, ऊन पाणी गेलं, लग्न लागलं. उरलेल्या दोन दिवसांत घंटा दोनदाच वाजली. एकदा विड्यासाठी, आणि एकदा कोंडाजी डुलकी लागून कळीवर कलंडला तेव्हा.

हिरामणाच्या नशिबी मात्र बहिरेपण आलं ते आलंच. भिसेगावात लोक त्याच्यादेखत बिनधास्त बोलू लागले, आणि सहा महिन्यांत त्याला जेवढं ऐकायला मिळालं तेवढं आधीच्या अठ्ठावीस वर्षांत मिळालं नव्हतं. हे मात्र त्यानं कोणाला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर तो सुंदराला पाहायला खालापूरला गेला. बातमी त्याच्या आधीच पोचलेली. वेशीपासून जो तो त्याच्या कानात ओरडत होता. सहदेवानं तर "राम राम" इतक्या मोठ्यानं घातला की गोठ्यातला बैल उठला. हिरामण कानामागं हात धरून सगळ्यांना "काय? काय?" करत राहिला. करतो काय, भाचीचा शब्द होता.

जेवायला पंगत बसली. सुंदरा आणि धोंडी वाढत होत्या. सुंदराच्या मनगटात हिरव्या चुड्याच्या मागं काळ्या मण्यांचा एक सर होता, आणि मणी ओवले होते ते तांबडं रेशीम सोललेल्या, केसासारख्या तारेत. हिरामणानं ती तार बघताक्षणी ओळखली. धोंडीनं सासूपुढं पान मांडलं. नेमकं कडेला फाटलेलं. अंबाबाईच्या भुवया चढल्या. "पान गं..." तिनं सुरुवात केली. एवढ्यात सुंदरा मीठ वाढायला वाकली आणि तो सर सासूच्या डोळ्यांपुढं मनगटावरून खाली सरकला.

"...पान चांगलं रुंद हाय," अंबाबाई म्हणाली. धोंडीनं पातेल्यात तोंड घातलं, पण तिचे खांदे हलत होते.

दोघी सुना आत गेल्या, कोंडाजी आणि सहदेव आचवायला उठले. ओसरीवर हिरामण आणि अंबाबाई दोघंच उरली. तिनं पंखा हातात घेतला आणि त्याच्या पानावरच्या माश्या हाकलू लागली. त्याचे कान शाबूत आहेत हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती पानाकडंच बघत, अगदी खालच्या आवाजात बोलली.

"बहिऱ्या मानसाशी बोलायचं बरं असतं. तोंडावर मला जमलं नसतं. त्या दिवशी माझी अब्रू तुमच्या पोरीच्या हातात व्हती. तिनं माझीच मूठ मिटली. माझ्या पोटच्या पोरांनी केलं नसतं ते. हितं तिला कोनी वाकडं बोलनार नाय, मी बी नाय. तुमच्या बहिनीला सांगा, जेवायला निवांत बसत जा म्हनावं."

म्हणजे ती लपवलेली भाकरी हिनंही पाहिली होती. हिरामणानं हातातला घास पानात ठेवला. चटकन काही बोलावं, हात जोडावेत, असं त्याला फार वाटलं. पण बहिऱ्या माणसानं ऐकलंच कसं? त्यानं हळूच उजवा हात कानामागं नेला.

"काय म्हनालात, विहीणबाई?"

अंबाबाईनं पंखा खाली ठेवला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "भात घ्या म्हनते, भात!"

"वाढा की मग," हिरामण तेवढ्याच मोठ्यानं ओरडला, आणि त्यानं पान पुढं सरकवलं.